मोकळी ठेवायची जागा

"खाली भिंत घालू नका. गाडी ठेवा, कपडे वाळत घाला, खुर्च्या टाकून गप्पा मारा. पण खांबांमधली जागा मोकळी राहिली पाहिजे. ती पाण्याला जायला ठेवलीय."

घराच्या किल्ल्या हातात पडल्या त्या दिवशी बांधकाम तपासनीस असं म्हणाले होते आणि माईंनी मान डोलावली होती. नदीच्या बाजूच्या रांगेला तो नियमच होता. राहायचं वर, खाली नुसते खांब. मागच्या रांगेतल्या घरांना खांब नव्हते, पण जोतं उंच बांधावं लागे.

पुढे सासूबाईंचे गुडघे धरले. जिना म्हटला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा माईंनीच हट्ट धरला की खाली भिंती घालू, आईंची खाट ठेवू आणि शेजारी देव मांडू. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, स्वभावाने जपून वागणारा. त्याने नियमाची आठवण करून दिली, तर माई म्हणाल्या, "देवाच्या जागेला कोण आडवं येणार?" गवंड्याने नदीकडची भिंत चांगली जाड घातली, एकही खिडकी न ठेवता. दार मागच्या बाजूला ठेवलं.

मागच्या आठवड्यात पूर आला. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेलं आणि माई खिडकीशी उभ्या राहिल्या. शेजारच्या घरांच्या खांबांमधून पाणी सरळ निघून जात होतं. त्यांच्या भिंतीला मात्र ते थडकलं, फुगलं, क्षणभर जागच्या जागी फिरलं आणि मग डावीकडे वळून मागच्या रांगेतल्या शिंपीणबाईंच्या घरावर गेलं. त्या घराचा कोपरा खचताना माईंनी पाहिला. आवाज काहीच आला नाही. नुसती भिंतीला भेग पडली, आणि शिंपीणबाई दोन्ही हातांनी शिलाई मशीन उचलायचा प्रयत्न करत होत्या.

पाणी ओसरल्यावर माई खाली आल्या. देव कोरडे होते. उंबऱ्याशी थोडी ओल, बस.

दुसऱ्या दिवसापासून बायका नमस्काराला यायला लागल्या.

"बघा, पाया पडून गेलं पाणी," सासूबाई खाटेवरून सांगत.

"आमच्याकडे पाय धुवायला म्हणून आत आलं ते पाहुण्यासारखं मुक्कामालाच राहिलं," एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

माई हसल्या नाहीत. कुणी फुलं पुढे केली की त्या नजर चुकवून घेत आणि देवापुढे ठेवताना त्यांचा हात जड होई. दुपारी न सांगता शिंपीणबाईंकडे जाऊन त्या गाळ काढत. "माई, तुम्ही कशाला हात घाण करताय?" असं शिंपीणबाई म्हणाल्या की माई आणखी खाली वाकून खराट्याने फरशी घासत. वर बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

काल शिंपीणबाई स्वतःच देवघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत यायला कचरत होत्या, पायांना अजून चिखल होता.

"तुमची पुण्याई मोठी, माई. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"असं का म्हणता?"

"कचेरीचा माणूस घर बघून गेला. म्हणतो, जोत्यातला भराव कच्चा आहे, नीट ठोकलेला नाही. तसं ठरलं तर मदत बंद, आणि इथे पुन्हा बांधायलाही देणार नाहीत. अहो, मी स्वतः उन्हात उभी राहून ठोकून घेतला होता भराव. पण कोपरा खचलेला समोर दिसतोय, मग मी काय सांगू?" त्यांनी नसलेला पदर ओढावा तसा हात खांद्यावरून फिरवला. "उद्या सकाळी मोठे साहेब येणार आहेत. मला त्यांच्यापुढे धड बोलता येत नाही. तुम्ही शेजारी उभ्या राहाल?"

"राहीन," माई म्हणाल्या.

संध्याकाळी नवरा कपात चमचा फिरवत बसला होता.

"तिथे जाऊन काय सांगणार आहेस?"

"जे पाहिलं ते."

"मग आपली भिंत पाडायला लावतील. आईला कुठे ठेवायचं?"

"वर, आपल्या खोलीत. उचलून न्यायचं, उचलून आणायचं. पुरात नेलंच की."

"आणि आठवडाभर हात जोडून गेल्या त्या बायका? त्यांना काय तोंड दाखवशील?" मग तो हळूच म्हणाला, "हे बघ, आपलं काही नुकसान झालेलं नाही, म्हणून आपल्या घराकडे कुणी वळूनही बघणार नाही. आणि तू शेजारी उभं राहायचं कबूल केलंयस. बोलायचं कुठे कबूल केलंयस?"

माईंना त्याचा राग आला नाही. कारण हाच विचार दुपारीच त्यांच्या मनात येऊन गेला होता आणि तेव्हा त्यांना हलकं वाटलं होतं. त्या हलकं वाटण्याचीच आता लाज वाटत होती.

पूजा होईपर्यंत न बोलण्याचा माईंचा नेम होता. आज सकाळी त्यांनी देव पुसले, दिवा लावला आणि बसून राहिल्या. पूजा केव्हाच झाली असती. त्यांनी पुसलेले देव पुन्हा पुसायला घेतले. बाहेर गाडी थांबली, बुटांचे आवाज मागच्या रांगेकडे गेले. शिंपीणबाई एकदा दारापर्यंत आल्या, माईंचे मिटलेले ओठ पाहिले आणि पूजेत अडथळा नको म्हणून आल्या पावली परत गेल्या.

"तिला सोबत हवीय वाटतं," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "तशीच जा. नेम मोडू नकोस, नुसती उभी राहा तिच्याजवळ. तेवढ्यानेही धीर येतो माणसाला."

माईंच्या हातातलं फडकं थांबलं. आपण कशाच्या आड बसलो आहोत ते सासूबाईंच्या भोळ्या तोंडून ऐकताना त्यांचे कान तापले. देवांकडे बघण्याचं धाडस होईना.

"आई," त्या म्हणाल्या. पूजेच्या आसनावरून, दिवा जळत असताना, त्या पहिल्यांदाच बोलल्या. "ही खोली राहणार नाही. तुम्हाला वर न्यावं लागेल."

"का गं? काय झालं?"

"आल्यावर सगळं सांगते. आधी तिकडे सांगायचंय."

त्यांनी ताम्हनातलं पाणी तुळशीला न घालता तसंच ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि दार लोटून घेतलं. मागच्या रांगेत साहेब खचलेल्या कोपऱ्याशी उकिडवे बसून मातीत काठी खुपसत होते. शिंपीणबाई हात बांधून, मान खाली घालून बाजूला उभ्या होत्या.

माई चिखलातून वाट काढत त्यांच्याकडे चालू लागल्या.