काकांचं नाक आणि दुकानातली स्वस्त वाईन

काकूंच्या घरी जेवण म्हणजे रोजची परीक्षा. पेपर काकूंनी लिहायचा आणि तपासायचा काकांनी. काकांनी चमचा उचलला की काकू आपला चमचा खाली ठेवायच्या. पहिला घास, मग डोळे मिटणं, मग जीभ टाळ्याला लावून 'टक्' असा आवाज, आणि मग निकाल.

"सूप बरं आहे गं, पण मधे कुठेतरी हरवतं."

आता सूप काय जत्रेतलं पोर आहे हरवायला? पण बोलायची सोय नव्हती. एकदा तर उकडलेल्या अंड्यावर काकांनी असं भाषण ठोकलं, की ते अंडं कच्चं असतं तर त्यातून पिल्लू निघून, मोठं होऊन, लग्न करून त्यानं स्वतःचं अंडं घातलं असतं, तरी यांचं 'दुसरं असं की' चालूच राहिलं असतं. काकू मात्र गार झालेलं गिळायच्या. गरम घास तोंडात जातो तो कसा, हे बाई विसरूनच गेली होती.

म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराने संध्याकाळी वाईन चाखायची मंडळी जमवायला सुरुवात केली, तेव्हा काकूंनी त्याला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले. त्या मेल्याच्या दुकानात स्वस्त वाईनच्या बाटल्या पडून होत्या. कोणी ढुंकून बघेना. काहींच्या बुचांचा बोट लावलं की भुगा व्हायचा, काहींना बूचच नाही, औषधाच्या बाटलीसारखं फिरकीचं झाकण. पण दुकानदार महाबिलंदर. त्यानं प्रत्येक बाटलीला लोकरीचा मोजा चढवला. म्हणाला, "लेबल बघायचं नाही. फक्त चव घ्यायची, आणि कशाबरोबर जाते ते सांगायचं." झालं! जी बाटली उघडी असताना लोक नाकं मुरडत होते, तिच्यापुढे मोजा घातल्यावर हात बांधून बसायला लागले.

आणि या मंडळीत काका चमकले. ग्लास हुंगून म्हणायचे, "जुन्या पेटीत ठेवलेले हातमोजे. कुणी तरी परत येईल म्हणून ठेवलेले." लोक गार! दोन आठवड्यांत सगळा परिसर त्यांना 'नाकवाले काका' म्हणायला लागला. त्यांच्या नाकाच्या अशा काही कथा पसरल्या, की म्हणे पलीकडच्या गल्लीत दूध करपलं तर काका इथून ओरडतात, आणि ते सुद्धा दूध गॅसवर ठेवायच्या आधी.

काकूंना नाकाशी कर्तव्य नव्हतं. काका रोज संध्याकाळी तिथे बोलून बोलून थकायचे आणि घरी येऊन मुकाट जेवायचे, हे त्यांना पुरे होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण संसार सुखाचा आत्ता कुठे सुरू झाला होता.

पण सुखाला दृष्ट लागतेच. दुकानदारानं जाहीर केलं की मंडळीतून एकाला चवप्रमुख नेमायचं. पाच बाटल्या, समोर पदार्थ. ज्याच्या जोड्या सगळ्यांना पटतील तो प्रमुख. काकांच्या विरुद्ध दातांचे डॉक्टर उभे राहिले. लोकांच्या तोंडात आयुष्य गेलं म्हणजे चवीतलं आपल्यालाच कळतं, असा त्यांचा समज. काकूंनी लगेच हिशेब केला. डॉक्टर जिंकले तर हे रुसणार. रुसले की दुकानात जाणार नाहीत. दुकानात गेले नाहीत की घरी बसणार, आणि घरी बसले की स्वयंपाकघरात येणार.

आणि नेमकी निवडीच्या दिवशीच काकांना सर्दी झाली. साधीसुधी नाही. नाक असं चोंदलं, की आत कुणी तरी गादी भरून ठेवली असावी.

"अगं, कांदा हुंगला. काही नाही. साबण हुंगला. काही नाही," काका रडकुंडीला आले. "आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तोंड आहे तेच घेऊन चला. मी पण येते," काकू म्हणाल्या. "मी वास घेते आणि टेबलाखाली तुमचा पाय दाबते. एकदा दाबला तर मासा, दोनदा कोंबडी, तीनदा चीज."

"आणि मशरूमचं सूप?"

"सूप असलं तर खोकेन."

"पण तुला वाईनमधलं काय कळतं?"

"काही कळत नाही. पण मला नाक आहे. तुम्हाला आज तेवढंही नाही."

दुकानाच्या मागच्या खोलीत, साबणाच्या आणि डबाबंद माशांच्या फळ्यांमध्ये, खोक्यांवर फळी टाकून टेबल केलं होतं. वर पांढरी चादर. एका बाजूला काका-काकू, समोर डॉक्टर आणि शिंपीणबाई, टोकाला दुकानदार. शिंपीणबाईंचं स्वतःचं मत असं नव्हतं. जो शेवटी बोलेल तो त्यांना पटायचा.

पहिल्या बाटलीतून पिवळसर वाईन ओतली. काकूंनी हुंगलं. आंबट, लिंबासारखं. हे माशाबरोबर जाईल, त्यांनी ठरवलं आणि पाय एकदा दाबला.

काकांनी डोळे मिटले. "कोंबडी," म्हणाले.

काकूंनी दात-ओठ खाऊन परत दाबला, एकदाच.

"कोंबडी," काका म्हणाले, "पण जरा दुःखी कोंबडी."

सगळ्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. मग दुकानदारानं कोंबडीचा तुकडा तोंडात टाकला, वर घोट घेतला आणि छातीवर हात ठेवला. "अहो, खरंच की! सुरुवातीला कळत नाही. गिळताना जाणवतं दुःख."

"मी हेच म्हणणार होतो," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "फक्त मी तिला उदास म्हटलं असतं."

"उदासच आहे बिचारी," शिंपीणबाईंनी डोळे पुसले.

दुसरी वाईन सरबतासारखी गोडमिट्ट. काकूंनी चीज म्हणून तीनदा पाय दाबला. काका म्हणाले, "तळलेला मासा. थंड झालेला. समुद्राची आठवण येत असलेला." पुन्हा वाहवा! तिसऱ्या बाटलीला काकू खोकून खोकून लाल झाल्या, शिंपीणबाईंनी त्यांना पाणी दिलं, आणि काका म्हणाले, "चीज." चौथ्या बाटलीला काकूंनी मुद्दाम चमचा पाडला आणि उचलायला खाली वाकल्या.

बघतात तर काय! काकांचे दोन्ही पाय खुर्चीखाली घडी करून ठेवलेले. आणि काकू मघापासून दाबत होत्या ते बटाट्याचं पोतं.

"अहो, पाय पुढे घ्या!" त्या कुजबुजल्या.

"राहू दे गं," काका कुजबुजले, "जमतंय मला."

आणि खरंच जमत होतं. ज्या माणसाला साबण आणि कांद्यातला फरक कळत नव्हता, तो उचलली जीभ लावली टाळ्याला करत होता आणि बाकीचे माना डोलावत होते. पाचव्या बाटलीला तर काका फक्त 'हं' म्हणाले. तेवढ्यानंच डॉक्टर उठून उभे राहिले, हरलो म्हणाले आणि काकांच्या पाया पडायला टेबलाला वळसा घालून आले.

काकूंना वाटलं, सुटले बाई. तेवढ्यात दुकानदार उभा राहिला.

"आपले चवप्रमुख ठरले! आता एक नवीन पद्धत सुरू करू. दुकानात बसून कोण जेवतं? माणसं घरी जेवतात. तेव्हा काकांनी रोज एक बाटली घरी न्यायची, काकूंच्या हातच्या जेवणाबरोबर चाखायची आणि प्रत्येक घासावर मोठ्यानं मत द्यायचं. आपण सगळे ऐकायला जाऊ!"

"रोज?" काकूंच्या हातून चमचा पडला, या वेळी खरोखरच.

"सुट्टीच्या दिवशी दोनदा!" शिंपीणबाई म्हणाल्या.

काका असे फुलले, की शर्टाचं बटण ताणलं गेलं. "प्रत्येक घासावर," ते स्वतःशीच पुटपुटले, जणू देवानं वर दिला होता.

आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, ते काकूंना त्या क्षणी कळलं. मग मात्र बाई चवताळली.

"थांबा!" त्या ओरडल्या. "यांना काडीचाही वास येत नाहीये. सर्दी झालीय सकाळपासून! हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्यांनी मागच्या फळीवरची मुरवलेल्या काकडीची बरणी ओढली, झाकण उघडलं आणि आतलं व्हिनेगर ग्लासात ओतून काकांपुढे धरलं. "सांगा, काय आहे?"

काका फसले. वास येत नाही म्हणावं तर नाक गेलं, घोट घ्यावा तर जीभ. त्यांनी हुंगलं, घोट घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"फुलं," ते कसेबसे म्हणाले. "हिरवी. काचेच्या खोलीत कोंडलेली."

"व्हिनेगर आहे ते! काकडीचं!"

डॉक्टरांचा चेहरा आधी उजळला. मग त्यांच्या लक्षात आलं, की काकांना नाक नसेल, तर त्या दुःखी कोंबडीला उदास म्हणणाऱ्याचं काय? त्यांनी ग्लास उचलला, घोट घेतला, तोंड गाठोड्यासारखं आवळलं आणि म्हणाले, "फुलं तर आहेतच."

"मला तर आधी काचेची खोलीच जाणवली," शिंपीणबाई म्हणाल्या.

दुकानदारानं खिशातून एक मोजा काढला आणि काकडीच्या बरणीला चढवायला लागला. बरणी रुंद होती, मोजा फाटला, पण त्यानं चढवलाच. "उद्या हिची चव घेऊ," म्हणाला. "बरोबर बिस्किटं ठेवतो."

काकू बघतच राहिल्या. खरं बोलून बघितलं, आणि खऱ्याला इथे बसायला साधं स्टूलही मिळालं नाही. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या सावकाश खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला, 'टक्.'

"शूऽऽ!" दुकानदारानं सगळ्यांना गप्प केलं. "काकू काही तरी सांगतायत."

"यांची जीभ," काकू खोल आवाजात म्हणाल्या, "फार बारीक आहे."

"आहेच!"

"अशी जीभ घरी जेवताना बोलली तर झिजते. मोठमोठे चवप्रमुख घरी जेवताना मौन पाळतात. शेवटचा घास उतरेपर्यंत एक अक्षर नाही. आणि त्या वेळी घरात पाहुणा नको. पाहुण्याच्या श्वासानंसुद्धा चव जाते ती कायमची."

"असं कधी ऐकलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला माहीत नाही?" काकूंनी इतक्या आश्चर्यानं विचारलं, की डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माहीत आहे की! का नाही माहीत? दातांचंही तसंच असतं."

"अगं, पण मी तर—" काकांनी तोंड उघडलं.

"काकाऽऽ! जीभ!" सगळे एकदम ओरडले. शिंपीणबाईंनी तर उठून त्यांच्या तोंडावर रुमाल धरला.

ठरावच झाला. हात वर करून, एकमतानं. मनाविरुद्ध का होईना, काकांनीही हात वर केला. चवप्रमुखच नाही म्हणाले तर कसं दिसेल?

त्या रात्री काकूंनी टोमॅटोचं सूप केलं, पाव भाजला, आणि दोघं समोरासमोर बसले. काकांनी पहिला चमचा घेतला. भुवया वर गेल्या, छाती भरून आली, ओठ उघडले. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ओठ मिटले. मग काकांनी मिठाच्या डबीकडे बोट दाखवलं, एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी.

सूप खरंच अळणी झालं होतं. काकूंना कळत होतं. त्यांनी प्रेमानं आणखी एक पळी सूप त्यांना वाढलं, मिठाची डबी आपल्याकडे ओढली, आपल्या वाटीत चिमूटभर घातलं आणि सूप गरम होतं तोवर ओरपून टाकलं.