खंडेनवमीला धुतलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की डोळ्यांत पाणी आणतात, असं मी ऐकून आहे. माझ्या डोळ्यांत पाणी नाही. माझे पुढचे दोन्ही दिवे अजून लख्ख लागतात. त्यांनी जे पाहिलं, ते आज मी कुणाची भीडभाड न ठेवता सांगणार आहे.

माझा जन्म चाकणचा. तिथल्या मोठ्या कारखान्यात गाडी एका जागी जन्माला येत नाही. बिजागऱ्या महाळुंग्याच्या शेडमधून येतात, काचा आणखी कुठून तरी, तारांचे जुडगे तिसऱ्याच गावाहून. माझी स्टिअरिंगची मोटर पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली. चाक वळवताना चालवणाऱ्याच्या हाताला जोर द्यायचा, एवढंच त्या मोटरचं काम. डॅशबोर्डच्या खाली, माझ्या पोटात ती बसवली. बसवली तेव्हाच ती बारीक कुरकुरत होती. पण तपासणीच्या मशिनाचा दिवा हिरवा लागला, शिफ्ट सुटायची वेळ झाली होती, आणि माझ्या काचेवर ‘ओके’चा कागद चिकटला. मला आतलं सगळं कळतं, मित्रांनो. बाहेर बोलता येत नाही.

मला चिखलीच्या निरंजनने विकत घेतलं. तो महाळुंग्यातल्याच एका शेडमध्ये सुपरवायझर. त्याची बायको वर्षाली शाळेत शिकवते. आणि त्याचे वडील ज्योतीराम, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, ते तरुणपणी भूम तालुक्यातून इकडे आले आणि भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथ चालवत म्हातारे झाले. शोरूममध्ये माझ्यावरचं लाल कापड बाजूला केलं तेव्हा नानांनी टोपी काढून मला नमस्कार केला. सगळे हसले. मला मात्र ते फार आवडलं.

आता त्या दिवसाचं नीट ऐका, कारण सगळं पाणी तिथेच मुरलं. हार घालून झाला होता, पेढे वाटून झाले होते, फोटोसाठी पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली निरंजनच्या हातात होती. तेवढ्यात शोरूममधली मोनिका हसत हसत पुढे आली.

“सर, वाढीव वॉरंटी टाकून देऊ ना? कंपनीची तीन वर्षांची संपली की पुढे आणखी दोन वर्षं. आज घेतली तर स्वस्त पडते. काहीही झालं तरी आम्ही आहोत.”

“काहीही म्हणजे काय काय?” वर्षालीने विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. पण नानांनीच तिला थांबवलं. “वर्षाली, आजच्या दिशी बिघडायची गोष्ट काढू नगं. चांगला दिस हाय.”

झालं! पेढा तोंडात असताना मोडतोडीचं कोण बोलणार? कुणाच्या बारशाला दवाखान्याचा खर्च काढतं का कुणी? हे शोरूमवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते नेमका तोच मुहूर्त धरतात. निरंजनने किल्ली काखेत धरून सही केली. मोनिकाला मी दोष देत नाही. प्रत्येक गाडीमागे हे विकायचंच, असं तिला वरून सांगितलेलं होतं. पण त्या कागदात काय बसत नाही, हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पुढची वर्षं माझी कौतुकात गेली. निरंजन मला शिफ्टला न्यायचा, वर्षाली शाळेत न्यायची, आणि रविवारी सगळे मिळून राजगुरुनगरला पाहुण्यांकडे जायचे. सोसायटीतले लोक म्हणायचे, ठेवावी तर अशी गाडी ठेवावी. ठेवत कोण होतं? नाना. सकाळी चहा झाला की फडकं घेऊन ते माझ्याकडे यायचे. माझ्याशी बोलायचेसुद्धा. “काय गं, रातीला लई उशीर झाला व्हय?” असं विचारायचे.

मित्रांनो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या या भागात यंत्रांची पूजा होते. ज्या हत्यारावर पोट चालतं, त्याला त्या दिवशी कुंकू लागतं. नानांनी आयुष्यभर आपली लेथ रॉकेलने पुसून, झेंडूची माळ घालून पुजली. काम सुटलं तेव्हा त्यांच्याकडे पुजायला यंत्रच उरलं नाही. मग मी आले. माझ्या चौथ्या वर्षी तर त्यांनी कमालच केली. बॉनेट उघडून नळी लावली आणि माझा कोपरा न कोपरा धुऊन काढला. मग कोरड्या फडक्याने पुसलं, इंजिनच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि नारळ फोडला.

खरं तेच सांगते. बॉनेटखाली नळीने पाणी मारू नये. तिथे तारा असतात. नानांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पण मला त्या पाण्याने काहीही झालं नाही. मी त्याच दिवशी सुरू झाले, दसऱ्याला फिरले, दिवाळीत फिरले.

दिवाळीनंतर एका सकाळी चाकणच्या तळेगाव चौकात, दोन कंटेनरच्या मधून वळताना माझ्या पोटातली ती कुरकुरी मोटर बंद पडली. चाक दगडासारखं जड झालं. निरंजनने दोन्ही हातांनी जोर लावून मला कशीबशी कडेला घेतली. त्याने हँडब्रेक ओढला. मग तो म्हणाला, “बरं झालं वॉरंटी घेतली.”

सर्व्हिस सेंटरला तो नानांना सोबत घेऊन आला. तिथे शेखर नावाचा सल्लागार होता. त्याने बॉनेट उघडलं, कुंकवाची पुसट बोटं पाहिली आणि मोबाइलवर पटापट फोटो काढले. मग अगदी गोड आवाजात विचारलं, “काका, आतून धुतली होती का गाडी?”

“धुतली की!” नानांची छाती फुगली. “म्याच धुतली. खंडेनवमीला. नळी लावून, चांगली चकचकीत.”

भोळा माणूस! त्यांना वाटलं, पोरगा शाबासकी देतोय.

शेखर निरंजनकडे वळला. “सर, क्लेम बसणार नाही. पाणी गेलंय. ग्राहकाचा निष्काळजीपणा वाढीव वॉरंटीत येत नाही. मागच्या पानावर लिहिलेलं असतं सगळं.”

त्याने मोटर उघडून पाहिली नाही. मोटरकडे वाकूनसुद्धा पाहिलं नाही. बॉनेट लावलं आणि निकाल दिला.

आणि निरंजन? त्याने शेखरला एक प्रश्न विचारला नाही. तो उलटा फिरला आणि भरल्या वर्कशॉपात वडिलांवर ओरडला. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला नळी मारायला? एवढी वॉरंटी घेऊन ठेवली, ती तुमच्या एका पूजेत गेली!”

आजूबाजूचे लोक बघायला लागले. नानांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “चुकलं बाबा माझं,” एवढंच म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले. मला इतका संताप आला की हॉर्न फोडून ओरडावंसं वाटलं. पण शेखरच्या माणसाने तेवढ्यात बॅटरीची तार काढून ठेवली होती.

मग मी तिथल्या आवारात धूळ खात पडले. माझ्या शेजारी मारुंजीहून आलेली एक पांढरी गाडी होती. तिच्याकडेही हाच वाढीव वॉरंटीचा कागद होता. तिचा एसी बंद पडला होता. तिला नवा कॉम्प्रेसर फुकटात बसला आणि मालक खुशीत घेऊन गेला. म्हणजे तो कागद अगदीच खोटा असतो, असं मी म्हणणार नाही. कुणाला लाभतो, कुणाला नाही. पण बिघाड त्या कागदात बसतो की नाही, हे ठरवतो कोण? ज्याला पैसे द्यायचे आहेत तोच! परीक्षाही त्याची, पेपर तपासणाराही तोच. मग त्याला एक कुंकवाचं बोट पुरेसं होतं. तुम्ही मोठे झालात आणि तुमच्यापुढे असा कागद आला, तर काय मिळेल ते वाचू नका. ते मोनिका पाठ म्हणून दाखवेल. काय मिळणार नाही, ते आधी वाचा. पेढा खाली ठेवा आणि वाचा. आणि ते वाचल्यावर सही करावीशी वाटली नाही, तर तेवढे पैसे गाडीच्या नावाने बाजूला टाका.

आठवड्याने शेखरने फोन करून सगळ्यांना बोलावलं. या वेळी वर्षालीही आली. नाना सगळ्यांच्या मागे उभे होते. माझ्याकडे त्यांनी नजर वर करून पाहिलं नाही. रोज माझ्याशी बोलणारा माणूस माझ्यापुढे गुन्हेगारासारखा उभा होता, आणि ते निर्दोष आहेत हे मला सांगता येत नव्हतं.

शेखरने एक छापील कागद पुढे केला. “वरून मंजुरी आलीय, सर. अर्धा खर्च आम्ही सोसतो. फक्त काकांची इथे सही लागेल.”

वर्षालीने कागद घेऊन मोठ्याने वाचला. “बॉनेटमध्ये मी पाणी मारल्यामुळे स्टिअरिंगची मोटर बिघडली, हे मला मान्य आहे. यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही.” तिने मान वर केली. “मोटर असते कुठे? दाखवा मला.”

“मॅडम, ते टेक्निकल आहे.”

“असू द्या. दाखवा.”

शेखरला माझं दार उघडावं लागलं. त्याने वाकून चाकाच्या खाली बोट दाखवलं. वर्षालीने मोबाइलचा उजेड पाडला. “ही तर आत आहे! पाणी मारलं तिकडे बॉनेटखाली, आणि मोटर इथे आत. मध्ये अख्खा पत्रा आहे. इथे पाण्याचा एक डाग तरी दाखवा.”

“वायरिंगमधून येऊ शकतं, मॅडम.”

“येऊ शकतं, की आलं?”

शेखर माझ्या टायरकडे बघत राहिला. “मी फक्त फोटो पाठवतो. ठरतं वरून.”

माझ्या जीवात जीव आला. पण निरंजनने घड्याळ बघितलं. त्याची सेकंड शिफ्ट होती. “नाना, करून टाका सही. अर्धे तर अर्धे. कागदच तर आहे.”

नानांनी चष्मा लावला. कागदावर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं. मग शेखरला म्हणाले, “म्या धुतली, हे खरं हाय. तेवढं लिव्हा, आत्ता सही करतो. माझ्यामुळं बिघडली, हे खोडा.”

“काका, फॉरमॅट आहे हा. त्यात बदल करता येत नाही.”

नानांनी पेन टेबलावर ठेवलं. “मग सही न्हाई.”

“नाना, अहो कागदच आहे!” निरंजन वैतागला.

“कागदच हाय ना?” नाना त्याच्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. “मग ह्यांच्या शब्दावर आठ दिस माझ्याशी बोलला न्हाईस, ते कशापायी? घास उतरत नव्हता माझ्या गळ्याखाली. तुला वाटलं असंल, म्हातारा गाडीची फिकीर करतोय.”

निरंजनचा चेहरा पार उतरला. त्याने एकदा माझ्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि एकदा वडिलांकडे. मग खिशातून मोबाइल काढला आणि कंपनीत फोन लावला. “आज शिफ्टला येत नाही. घरचं काम आहे.” फोन ठेवून त्याने एक खुर्ची ओढून नानांना दिली. “नाना, बसा. वेळ लागेल.” आणि शेखरला म्हणाला, “नकार लेखी द्या. कारणासकट. मोटर कुठे बसवलेली आहे, तेही त्यात लिहा. ते मिळाल्याशिवाय आम्ही इथून हलत नाही.”

संध्याकाळ झाली तेव्हा तो लेखी नकार मिळाला. तो घेऊन वर्षालीने ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. तिचा निकाल लागेल तेव्हा लागेल. नवी मोटर त्यांनी पदरचे पैसे घालून बाहेरच्या गॅरेजात बसवून घेतली. ती कुरकुरत नाही.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी मी काहीतरी मागावं, अशी रीत आहे. तेलपाणी वेळेवर बघा, असं मी मागणार नाही. ते तुम्ही बघालच. माझं मागणं वेगळं आहे. काउंटरपलीकडचा माणूस तुमच्या घरच्या माणसाकडे बोट दाखवेल, तेव्हा घरच्या माणसावर ओरडायच्या आधी त्या काउंटरला प्रश्न विचारा. निरंजन वाईट मुलगा नाही. पण त्याने आठ दिवस उशीर केला, आणि त्याबद्दल मी त्याच्यावर अजून रागावलेली आहे. माझी मोटर बिघडली, पैसे टाकले, नवी आली. नानांचे ते आठ दिवस कोणत्या वॉरंटीत भरून मिळतात, ते मला कुणीतरी सांगा.