धाकटीच्या सुया

बोरी अरबच्या त्या घरात दोन्ही जावांना एकदमच दिवस गेले. थोरल्या इंदूबाईचं हे चौथं बाळंतपण. पोट घेऊन ती कापूस वेचायला जात होती. कोणी काही विचारत नव्हतं. धाकटी सत्यशीला मात्र खोकून खोकून बेजार झाली. छातीचा फोटो काढला, क्षय निघाला, आणि सारं घर तिच्याभोवती फिरू लागलं. तिचा नवरा धर्मपाल तिला एसटीनं यवतमाळला नेई. पुढे गावातला कंपाउंडर रोज घरी येऊन सुई टोचू लागला. वरून शेळीचं दूध, अंडी. इंदूचा नुसता जळफळाट होई.

"मलेही खोकला येते," ती एकदा नवऱ्याला म्हणाली.

"तुले काय धाड भरली?" म्हणून बळीराम बैलांकडे निघून गेला.

सत्यशीला बरी झाली. तिला मुलगा झाला, गुटगुटीत. इंदूला चौथी मुलगीच, किडकिडीत, भांडं वाजलं तरी दचकून रडणारी. धाकटीचं लेकरू कसल्याही गलक्यात गाढ झोपे. "काय गुणाचं पोर हाय," सासू म्हणे. इंदूला वाटे, त्या सुयांनीच पोर असं निपजलं. आपल्याला कोणी दिल्या असत्या?

पोरं रांगायला लागली होती. एका दुपारी सत्यशीला नदीवर धुणं घेऊन गेली असताना इंदूच्या हातून पितळी परात दगडावर पडली. मुलगी किंचाळली. पोरानं मानसुद्धा वळवली नाही. इंदूनं परात उचलली आणि त्याच्या पाठीमागे उभं राहून मुद्दाम पुन्हा आदळली. तो आपल्या पायाच्या बोटांशी खेळत राहिला.

क्षणभर इंदूला आतून गार वाटलं. मग त्या गारव्याचीच भीती वाटली.

सत्यशीला परतली तशी ती म्हणाली, "पोराले आयकू येत नाही वं."

सत्यशीलानं ओलं धुणं खाली ठेवलं. "माहीत हाय मले. माह्याही कानात सारखं घूं घूं होते. डॉक्टर म्हणे, ह्या सुया कधी कधी कान नेतात, पोटातल्या लेकराचेही. पण त्या नसत्या घेतल्या त आमी दोघंही गेलो असतो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? माह्या दुधाच्या गिलासाकडं तुमी कशा पाहत होत्या, ते दिसे मले." तिनं पोराला कडेवर घेतलं. "आता तुमची पोरगी हाक मारली का वळून पाहते ना, मले ते पाहवत नाही, जाऊबाई."

 इंदू ते ओलं धुणं वाळत घालू लागली.

पोर मोठं झालं. सत्यशीला आपलं तोंड त्याच्यासमोर आणून सावकाश बोले, आणि तो तिच्या गळ्यावर हात ठेवून, तिच्या ओठांवरची नजर न हलवता, शब्द चाचपत राही. इंदूची पोरगी अंगणातून कितीही हाका मारल्या तरी येत नसे. चुलीपुढे बसलेली इंदू त्या दोघांकडे भाकर करपेपर्यंत बघे. तिच्या स्वतःच्या तोंडाकडे इतकं मन लावून आजवर कोणी पाहिलं नव्हतं.