पुरवणी जबाब

वर्गात सगळे तिला वहिनी म्हणत. निर्वासितांचा कायदा शिकायला बसलेल्या बावीस जणांत लग्न झालेली, दीड वर्षाची लेक सासूबाईंपाशी ठेवून येणारी ती एकटीच. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून कुणीतरी गमतीनं हाक मारली, ती चिकटली ती चिकटलीच. त्याचा तिला राग नव्हता. तिच्या डोळ्यांत खुपायची ती चिमणी.

चिमणी म्हणजे तिची कामातली जोडीदार. वय बावीस, आवाज बारीक, नखांना दर सोमवारी नवा रंग. विद्यापीठाच्या मदत केंद्रात येणाऱ्या अर्जदारांचे जबाब दोघी मिळून लिहून घेत. वहिनी लेकीला मांडीवर थोपटत निकाल वाचायची, कलमं घोकून यायची. चिमणी दहा मिनिटं उशिरा यायची आणि तरी केंद्र चालवणाऱ्या मॅडम तिच्याकडे बघून हसायच्या. ते हसू वहिनी घरी घेऊन जायची आणि भांडी घासताना पुन्हा पुन्हा आठवून जळायची.

या सत्रात खरी सुनावणी एकच होती. सीमेपलीकडून जीव वाचवून आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा आश्रयासाठीचा अर्ज. सुनावणीत बाईंच्या शेजारी मॅडमबरोबर एकाच विद्यार्थ्याला बसता येणार होतं. ती खुर्ची आपली, असं वहिनीनं मनोमन ठरवून टाकलं होतं. का ठरवू नये? पहिला जबाब तिनंच तर घेतला होता. बाई बुजल्या होत्या. मग तिनं पेन खाली ठेवलं, फोनमधला लेकीचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "मीही आई आहे, ताई. हिला सोडून मला तासभरसुद्धा राहवत नाही. तुम्ही मोकळेपणानं बोला."

बाई फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं तेवढ्याचीच उत्तरं दिली. मुलं किती? एक, ही बरोबर आणलेली सात वर्षांची. सही केली. मॅडमनी वाचून जबाब नीटनेटका असल्याचं सांगितलं, आणि वहिनीला त्या दिवशी बसमध्ये उभं राहूनही दमल्यासारखं वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी लेक तापली. वहिनीचे दोन दिवस बुडाले. तिसऱ्या दिवशी ती धावतपळत केंद्रात आली, तर काचेच्या दारातून काय दिसावं? बाई चिमणीच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होत्या आणि चिमणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. वहिनी आत गेलीच नाही. नळापाशी जाऊन पाणी प्यायली, तहान नसताना. दोन दिवस पाठ काय वळली, हिनं घर बांधलं.

बाई गेल्यावर चिमणीनं पुरवणी जबाबाची सात पानं तिच्यापुढे ठेवली. बाईंना आणखी एक मूल होतं. अकरा महिन्यांचं. लपून सीमा ओलांडताना ते रडलं असतं तर सगळेच सापडले असते, म्हणून बहिणीच्या हवाली केलेलं.

वाचताना वहिनीच्या मनात पहिल्यांदा काय यावं, तर आनंद. दोन जबाब जुळत नव्हते. म्हणजे चिमणीचं काम फसलं.

"पहिल्यावर सही आहे बाईंची," ती म्हणाली. "सुनावणीतला अधिकारी पाच मिनिटांत त्यांना खोटं पाडेल. तू काही सुचवलंस का त्यांना?"

चिमणी चिडली नाही. टेबलाकडे बघत म्हणाली, "मी एवढंच म्हटलं, वहिनी आज नाहीत. तर म्हणाल्या, बरं झालं, आजच सांगते. जिला लेकीला सोडून तासभर राहवत नाही, तिला कुठल्या तोंडानं सांगू, मी सोडून आले म्हणून." मग आणखी हळू, "पण हे लिहू नकोस म्हणाल्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

वहिनीनं पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

दुपारी मॅडमनी दोन्ही जबाब शेजारी ठेवले. पहिल्यात हे का आलं नाही, याचा खुलासा लागणार होता, आणि तो जिनं जबाब घेतला तिच्या प्रतिज्ञापत्रातून आला तरच वजनदार ठरणार होता. मात्र जी प्रतिज्ञापत्र देईल ती साक्षीदार. ती बाईंच्या शेजारी बसू शकणार नव्हती. मॅडमनी विचारलं, काही घडलं होतं का त्या दिवशी? चिमणी नखावरचा रंग खरवडू लागली. बाई घाबरल्या होत्या, एवढंच वहिनीनं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खुर्ची राहिली असती. बाईंच्या बोलण्यावर मात्र कुणी विश्वास ठेवला नसता.

"माझ्यामुळे," वहिनी म्हणाली. "मी लिहून देते."

तिनं सगळं लिहिलं. फोटो, ते वाक्य, आणि ते वाक्यही खरं नव्हतं हे. लेकीला सोडून ती रोज सात तास राहत होती, आणि त्यातले काही तास तिला आवडतही होते. शेवटची ओळ लिहिताना पेन अडखळलं, पण तिनं ती खोडली नाही.

बाहेर आल्यावर चिमणीनं तिचा हात धरला. वहिनीला तो झटकून टाकावासा वाटला. जळत होतंच अजून, उगाच कशाला खोटं बोला.

"बाईंना उजव्या कानानं कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "डावीकडे बस. प्रश्न विचारला की आधी त्यांच्याकडे बघ, समजला का ते बघ, मगच त्यांना बोलू दे."

चिमणीला हे माहीत नव्हतं. तिनं घाईघाईनं वही काढली. वहिनीला तेवढंच बरं वाटलं.