भगदाडाचं भलं

आमच्या गावाच्या तटाला एक भगदाड आहे. सातशे वर्षांपूर्वी परक्या फौजेने ते पाडलं, राजाला मारलं आणि देश घेतला. शाळेत पोरं अजून त्यावर निबंध लिहितात. माझ्या दादाने तर उभा जन्म त्यावर घालवला. इतिहासाचा प्राध्यापक तो; जेवताना विषय निघाला, की पराभव परवाच झाल्यासारखा भांडतो.

यंदा सरकारने भगदाड बुजवायचं ठरवलं. समितीचा अध्यक्ष अर्थातच दादा.

"देशाची जखम भरून निघेल," तो म्हणाला.

माझं शिवणाचं दुकान भगदाडाला लागूनच आहे. मी म्हटलं, "जखम भरेल रे, पण आईला धाप लागली तर रुग्णवाहिका कुठून येणार? वेशीतून हातगाडीसुद्धा अंग चोरून येते."

"तू प्रत्येक गोष्टीत घर आणतेस."

"मग काय, राजवाडा आणू?"

त्यावर आमचा अबोला झाला.

समारंभाच्या सकाळी दगडांचे ट्रक आत आले, क्रेन आली, खुर्च्या मांडल्या. आई पहिल्या रांगेत बसली. दादा भाषणाला उभा राहणार, तेवढ्यात क्रेनवाल्याने विचारलं, "साहेब, भिंत झाल्यावर क्रेन बाहेर कुठून काढू?"

कंत्राटदाराने इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरने दादाकडे. सगळं सामान भगदाडातूनच आत आणलं होतं आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लोक हसू लागले. मीही पोट धरून हसले.

दादा मात्र आईकडे बघत राहिला. मागच्या हिवाळ्यात ती निळी पडली होती. तेव्हा रुग्णवाहिकेत तिचा हात धरून तोच बसला होता, आणि गाडी इथूनच सुसाट निघाली होती.

त्याने माइक हातात घेतला. भाषणाचा कागद खिशातच राहिला.

"इथे आपली माणसं मारली गेली. त्यांना विसरायचं नाही," तो म्हणाला. "पण माझी आई या वाटेमुळे जगली. मला हे बुजवता येणार नाही. वर काय सांगायचं ते मी बघतो."

इतक्या वर्षांत दादाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

आई हळूहळू उठली आणि भगदाडाच्या तुटक्या कडेवर हात ठेवून म्हणाली, "ज्यांनी पाडलं, त्यांचंही भलं होवो."

मी दादाकडे पाहिलं. त्या लोकांबद्दल दादाने आजवर एक बरा शब्द काढला नव्हता.

त्याने आईला आधार दिला.

"होवो," तो म्हणाला.