करवंदातला कोंबो

टायफॉईडचा ताप उतरून सोळा दिवस झाले होते, पण निहारची भूक काही परत येत नव्हती. तीन चमचे पेज पोटात गेली की पाच वर्षांचं ते पोर तोंड भिंतीकडे फिरवायचं. मनगट इतकं बारीक झालं होतं की आजीने बांधलेला काळा दोरा कोपरापर्यंत वर सरकायचा. त्याची आई गौरवी तो खाली ओढायची आणि ओढताना दर वेळी मनातल्या मनात माप घ्यायची.

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ताप गेला. आता अन्न जायला हवं. शनिवारपर्यंत नीट खायला लागला नाही तर पणजीला दाखल करू, सलाईन लावू." सलाईन म्हणजे सुई, एवढं निहारला कळत होतं. त्याने दोन्ही हात बगलेत दाबून धरले ते घर येईपर्यंत सोडले नाहीत.

शनिवार म्हणजे तीस मे. त्याच दिवशी गोवा घटक राज्य होणार म्हणून निहारच्या बाबांच्या, मंगेशच्या, कचेरीत पताका लागत होत्या. कोकणी राजभाषा झाली, आता मराठीचं काय, या वादात सगळ्या डिचोलीचा चहा थंड होत होता. गुरुवारी सकाळी मंगेश पाव चहात बुडवत ट्रान्झिस्टरला कान लावून बसला, तेव्हा त्याची आई प्रभावती चुलीकडून म्हणाली, "राज्य जांव दी रे तुझें. पयलीं ह्या भुरग्याक भूक लागूं दी."

तेवढ्यात आतल्या खोलीतून निहारचा आवाज आला. "आई, माका आईसकँडी जाय."

मंगेशने ट्रान्झिस्टर बंद केला. आजारपणानंतर निहारने आपणहून मागितलेली ही पहिली वस्तू. आणि मागितली तीही नेमकी हीच. चैत्रात गौरवीच्या माहेरी, तेरेखोलच्या जत्रेत, तिनेच गाड्यावरची लाल कँडी घेऊन त्याच्या हातात दिली होती. बारा दिवसांनी ताप चढला. कुठल्याही पाण्याने होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गौरवीला दुसऱ्या कुठल्या पाण्याचा संशय घेताच येईना.

"मी करते," ती म्हणाली. "घरी. माझ्या हाताने."

नऊ वाजता जानकी आली. ती मुळगावची. उन्हाळाभर डोंगरातली करवंदं खुडून टोपलीतून आणायची आणि फणसाच्या पानांच्या खोल्यांत, म्हणजे द्रोणांत, भरून विकायची. गौरवीने आजवर तिला दारातूनच परत पाठवलं होतं. आज तिने चार खोले घेतले तशी जानकी टोपली खाली ठेवून बघतच राहिली.

"वहिनी, आज सूर्य खंयच्यान उगवलो?"

"खाणीच्या बाजूची नाहीत ना ही?"

"खाणीची धूळ सगळ्यांचेर बसता, बाय. तुमच्या तुळशीचेर बसली ती काय वेगळी?"

करवंदं काळी, टपोरी, देठाशी पांढरा चीक लागलेली. गौरवीने ती आधी मिठाच्या पाण्यात टाकली, मग साध्या, मग जंतू मारायला पोटॅशचा एक कण घातलेल्या गुलाबी पाण्यात. प्रभावती पाटावर बसून नारळ खवत होती. तिने एकदा पाण्याच्या त्या घंगाळाकडे पाहिलं.

"लग्न आसा काय गे करवंदांचें? इतलें न्हाणयता ती?"

"आई, तुम्ही बोलू नका हो मध्ये. माझं मोजणं चुकतं."

वीस मिनिटं उकळायचं, त्याहून कमी नाही, हे तिने ठरवलं होतं. फ्रीज गेल्या गणेशचवथीला घरात आला होता, आणि त्याच्या बर्फाच्या कप्प्यात कालचे बांगडे होते. ते काढून तिने कप्पा सोड्याने पुसला.

"बांगड्यांक खंय धाडटा?" प्रभावतीने विचारलं.

"ते तुम्ही दुपारी तळा."

करवंदं उकळून मऊ झाली तशी तिने ती कुस्करली, मलमलच्या फडक्यातून एकदा गाळली, दुसऱ्यांदा गाळली. बिया गेल्या, साली गेल्या, घशाला लागेल असं काही म्हणून राहिलं नाही. राहिला तो जांभळट लाल, काचेसारखा रस. त्यात साखर, चिमूटभर मीठ. चार स्टीलच्या कोपांत, म्हणजे पेल्यांत, तिने तो निम्म्यापर्यंत ओतला, उरलेला पातेल्यात झाकून ठेवला. काड्या विकतच्या नकोत म्हणून प्रत्येक कोपात एक उकळलेली कुलेर, घरातला चमचाच, उभी केली. कोप बर्फाच्या कप्प्यात गेले, फ्रीजचं दार लागलं, आणि त्या दारावर तिने चिठ्ठी चिकटवली : उघडू नये.

दोन वाजता तिने पहिला कोप गरम पाण्यात बुडवून सोडवला. कँडी सुंदर निघाली. कुलेरीच्या टोकाला गडद माणकासारखा गोळा. निहार रस्त्याकडच्या उघड्या जनेलापाशी, आजीच्या जुन्या खुर्चीवर गुडघे टेकून बसला होता. त्याने कँडी हातात घेतली, एकदा जीभ लावली, मग ती उजेडात धरून सगळीकडून फिरवून पाहिली.

"हे कँडींत कोंबो खंय आसा?"

"कसला कोंबो, पुता?"

"करवंदाची म्हणलें न्हय तुवें? मग कोंबो खंय? कोंबी खंय?"

त्याने कुलेर कोपात परत ठेवली. दुसऱ्यांदा जीभ लावली नाही. माणकाचं टोक हळूहळू पाणी होऊ लागलं.

गौरवीला रडू यायला लागलं होतं. ती त्याच्या मागे उभी राहून बाहेर बघत राहिली, तोंड दिसू नये म्हणून. समोर नव्या घराचं बांधकाम चाललं होतं. बेळगावकडून आलेल्या कामगारांपैकी एकाची मुलगी, राणी, रेतीच्या ढिगावर बसली होती, मांडीवर पानाचा खोला. तिने एक करवंद दोन बोटांत धरून खिडकीकडे उंच केलं.

निहार ओरडला, "कोंबी."

राणीने करवंद अर्धं चावलं, उरलेलं अर्धं खिडकीकडे फिरवून दाखवलं. आत लालभडक. "कोंबडा हाय! हरलास की रे!" असं म्हणून तिने ते मटकावलं.

आत लाल असेल तर कोंबो, पांढरं असेल तर कोंबी. तेरेखोलच्या टेकडीवर हा खेळ गौरवीही खेळली होती. चावल्याशिवाय कळत नाही, आणि कळेपर्यंत अर्धं पोटात गेलेलं असतं.

"कधीपासून खेळता तुम्ही हे?" तिने विचारलं.

"ताप आसलो तेन्नासावन," निहार म्हणाला. "ती खाता. हांव सांगतां."

महिनाभर गौरवी या खोलीत होती. तिने थर्मामीटर पाहिला, जीभ पाहिली, नखं पाहिली, वहीत तापाचे आकडे उतरवले. जनेलाबाहेर काय चाललंय ते तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात आली. फडक्यातला चोथा कचऱ्याच्या बाल्दीत पडला होता. करवंदांच्या चार खोल्यांपैकी एक अजून भरलेला होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

प्रभावती बांगड्यांना मसाला लावत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "मंगेश ल्हान आसताना मी तेका न धुतां दितालीं. तशें कर म्हणून सांगना मी. तूं धू. पूण अख्खीं दी."

गौरवीने ती करवंदं पुन्हा तिन्ही पाण्यांतून काढली. उकळत्या पाण्यात शंभर आकडे म्हणेपर्यंत ठेवली, एक बाहेर काढून चावून पाहिलं. आत लाल होतं, लाल राहिलं होतं. मग निथळून सात सात करवंदं एकेका कोपात, गोठलेल्या रसावर, टाकली, उरलेला रस वर ओतला. चिठ्ठी परत चिकटवायची राहून गेली. दुपारभर प्रभावतीने फ्रीज दोनदा उघडला, गौरवीने चारदा.

साडेसहाला ऊन समोरच्या अर्ध्या भिंतीवर होतं. गौरवी रस्ता ओलांडून राणीला घेऊन आली. पायरीवर तिचे हात साबणाने दोनदा धुतले. राणीने निमूट धुऊन घेतले, मग विचारलं, "डाक्टर हाय का तुमी?"

"नाही गं. आई आहे."

दोघं पायरीवर बसली, हातांत कुलेरी. बर्फात काळी करवंदं अडकलेली दिसत होती. आधी चाटून चाटून बर्फ हटवायचा, मग करवंद दातांनी सोडवायचं, मग चावायचं, मग दाखवायचं. निहारने पहिल्या करवंदाला वेळ लावला. दात शिवशिवले तसे डोळे मिटले. गौरवीने दाराची चौकट धरली.

"कोंबडी," राणी म्हणाली.

निहारने तोंडातलं अर्धं बोटांवर काढून तिच्या नाकासमोर धरलं. "कोंबो. तूं हारली."

"दुसरं काढ मग."

त्याने दुसरं काढलं. तिसरं. चौथ्याला तो हरला, आणि हरलेल्याने करवंद द्यायचं असा राणीने तिथल्या तिथे नियम केला, म्हणून पाचवं तिने आपल्या बोटांनी त्याच्या कँडीतून उपटून घेतलं. गौरवी एक पाऊल पुढे झाली. मागून प्रभावतीने तिच्या पदराचं टोक धरलं, आणि तिथेच धरून ठेवलं.

कोप रिकामे झाले. निहारचे ओठ, हनुवटी, शर्टाची कॉलर, सगळं जांभळं. राणीला तिच्या आईने हाक मारली, ती रेतीवरून पळत गेली. निहार कुलेर चोखत बसून राहिला. मग म्हणाला, "आई, पेज आसा?"

"आहे."

"हेच कुलेरीन दी."

गौरवीने कुलेर घेतली. ती जांभळी झाली होती, चिकट होती, आणि तिच्यावर राणीचीही बोटं लागली होती. पावलं आपोआप मोरीकडे वळली. नळाची तोटी हातात आली. चुलीपाशी प्रभावतीने पेजेवरचं झाकण काढलं होतं, आणि बाहेरून निहार म्हणत होता, "बेगीन हाड."

तिने तोटी सोडली. कुलेर तशीच, न धुता, पेजेत बुडवली आणि वाडगा घेऊन पायरीवर गेली.