सासूबाईंचा गडू

१९७१ सालचा पाडवा. आदल्या दसऱ्यालाच घरात दोन चुली झाल्या होत्या. वाटणीत गुढीची काठी खाली थोरलीकडे राहिली आणि सासूबाईंचा तांब्याचा गडू धाकटीबरोबर वरच्या मजल्यावर गेला. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद. थोरली खाली मशीनवर ब्लाउज शिवायची. धाकटी टेलिफोन एक्सचेंजमध्ये साऱ्या जगाशी बोलून यायची आणि जिन्यात मात्र मिठाची गुळणी.

पाडव्याला सकाळी थोरली काठी पुसत होती, तोच धाकटी दारात. हातात चिंचेनं घासून लख्ख केलेला गडू.

“जाऊबाई, काठी तुमची, गडू माझा. दोघींनी अर्ध्या अर्ध्या गुढ्या उभारायच्या का?”

“आत ये गं. पाहुणीसारखी उभी काय राहतेस?” थोरली काठी टेकवून ठेवत म्हणाली.

तिनं काठीला नव्या साडीच्या निऱ्या बांधल्या, धाकटीनं साखरेची गाठी अडकवून वर गडू उपडा घातला. गुढी उभी राहिली.

मग कडुनिंबाची गोळी. घरची रीत अशी, की ती थोरलीनं हातावर द्यायची, तेव्हा वर्ष सुरू. धाकटीनं हात पुढे केला. थोरली फार आनंदात होती, आणि आनंदात तिला थट्टा सुचायची.

“तुला कशाला गं कडुनिंब? तुझी जीभ आहे की!”

धाकटीमागून खाली आलेला दीर खो खो हसला. धाकटी हसली नाही. तिनं गोळी तोंडात टाकली आणि पाणीही न पिता वर निघून गेली.

उन्हं उतरली. दिवस मावळायच्या आत गुढी उतरवायची, आणि ती दोघींनी मिळून, असं थोरलीच्या मनात होतं.

“जा की वर,” नवरा म्हणाला. “चौदा पायऱ्या तर आहेत.”

“थोरली मी. साधी थट्टासुद्धा करू नये?”

जिन्यात पावलं वाजली. ती लगबगीनं उठली. दीर होता.

“वहिनी, गुढी उतरवली की गडू द्या. तिनं मागितलाय.”

थोरलीनं एकटीनंच गुढी उतरवली आणि गडू पदरानं पुसून दिला. ‘चुकलं माझं’ एवढं तरी सांगून पाठवायचं. पण गडू रिकामाच वर गेला.

जूनमध्ये धाकटीनं बदली मागून घेतली. दीर तिकडेच निवृत्त झाला, तिकडेच वारला. धाकटी पुढे लेकीकडे गेली. ती गेल्याचं थोरलीला पत्रानं कळलं, तेही तेरावा उलटल्यावर. थोरली गुढीवर स्टीलचा पेला घालत राहिली. नवरा होता तोवर दर पाडव्याला म्हणायचा, नवा गडू आणू. ती नको म्हणायची. पेला काठीवर नीट बसत नसे. वारा सुटला की दिवसभर टकटक वाजे.